बर्फावरचे कंदाहार

जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात गार्मिश-पार्टेनकिर्शेन नावाचे गाव आहे. तिथे हिवाळ्यात स्कीइंगच्या जागतिक चषकाच्या शर्यती होतात. ज्या उतारावर त्या होतात त्याचे नाव 'कंदाहार'. इटलीत सेस्त्रिएरेला २००६ च्या हिवाळी ऑलिंपिकमधली पुरुषांची डाउनहिल शर्यत झाली, त्या उताराचे नाव 'कंदाहार बांकेत्ता'. फ्रान्समध्ये शामोनीच्या खोऱ्यातही कंदाहार आहेच. ऑस्ट्रियातल्या आर्लबर्ग डोंगरात, सांक्ट आंटोन गावी, १९२८ साली जी स्पर्धा सुरू झाली तिचे नाव 'आर्लबर्ग-कंदाहार'. आल्प्सच्या चार देशांत हे नाव इतके रुजले आहे की ते मुळात कुठल्या गावाचे, हा प्रश्न बर्फावरून घसरत जाणाऱ्याला पडत नाही.

आपल्याला मात्र तो पडायलाच हवा. मराठी माणसाला कंदाहार म्हटले की अब्दाली आठवतो. १७४७ साली तो तिथेच गादीवर बसला आणि पानिपत जिंकून तिथेच परतला. त्याची कबरही त्याच शहरात आहे. नंतरच्या पिढीला डिसेंबर १९९९ मधले विमान अपहरण आठवते. (नांदेड जिल्ह्यातले कंधार वेगळे, त्याचा या कथेशी संबंध नाही.) वाळवंटाच्या काठावरच्या या अफगाण शहराने आल्प्सच्या बर्फाला नाव कसे दिले, याचा माग काढताना मी आधी मद्रासला, मग दापोलीला आणि शेवटी नाझींच्या तुरुंगाच्या दारात जाऊन पोचलो.

सुरुवात २७ जुलै १८८० पासून करू. दुसरे इंग्रज-अफगाण युद्ध चालू होते. कंदाहारच्या पश्चिमेला मैवंद इथे ब्रिगेडियर बरोजच्या सुमारे अडीच हजार फौजेची अयूबखानाशी गाठ पडली. फौजेत बर्कशायरची एक गोरी पलटण होती; बाकी पायदळ मुंबई सैन्याचे, म्हणजे पहिली बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि तिसावी जेकब्स रायफल्स. त्या दिवशी हजाराच्या आसपास माणसे मारली गेली. इंग्रजी वाचकाला मैवंद ठाऊक असते ते शेरलॉक होम्सच्या डॉक्टर वॉटसनमुळे, कारण तो तिथे जखमी झाला होता. कल्पित पात्राची जखम लक्षात राहिली आणि ग्रेनेडियर्सचे खरे मृत्यू पलटणीच्या इतिहासात राहिले.

उरलेली फौज कंदाहारच्या तटाआड कोंडली गेली. तिला सोडवायला काबूलहून जनरल फ्रेडरिक रॉबर्ट्स निघाला. सुमारे दहा हजार सैनिक, त्यांत बहुसंख्य गुरखे, शीख आणि इतर हिंदी. शिवाय हजारो बाजारबुणगे. ऑगस्टच्या उन्हात तीन आठवड्यांत त्यांनी पाचशे किलोमीटरचा रस्ता कापला. १ सप्टेंबरला अयूबखानाचा पराभव झाला. विलायतेत रॉबर्ट्सचा जयजयकार झाला आणि १८९२ साली त्याला उमरावपद मिळाले तेव्हा त्याने 'रॉबर्ट्स ऑफ कंदाहार' हे नाव घेतले.

रॉबर्ट्स कानपूरला जन्मलेला. १८८५ ते १८९३ तो हिंदुस्थानचा सरसेनापती होता. लढवय्या आणि बिनलढवय्या जाती अशी जी विभागणी लष्करात रूढ झाली, तिचा तो सर्वांत वजनदार पुरस्कर्ता. मद्रासच्या शिपायातले जुने लष्करी तेज विझले आहे, आणि मुंबईच्या मराठ्यातलेही तसेच विझले आहे, अशा अर्थाचे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. कंदाहारच्या तटाआडच्या मुंबई फौजेबद्दलही त्याचे मत बरे नव्हते. या धोरणाचा सर्वांत मोठा फटका महारांना बसला. मुंबई सैन्यात पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केलेल्या या समाजाची भरती १८९२ च्या सुमारास बंद झाली. दापोलीच्या 'अनार्य दोष-परिहारक मंडळी'च्या वतीने गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. ते स्वतः पलटणीतून निवृत्त झालेले होते; भाकरी आणि मान या दोन्ही गोष्टी लष्कराने दिल्या, त्या आता जातीकडे बोट दाखवून काढून घेतल्या जात आहेत, हे त्यांना अनुभवाने कळत होते. अर्जाचा उपयोग झाला नाही. ज्या वर्षी ही दारे मिटत होती, त्याच सुमारास रॉबर्ट्सच्या नावापुढे कंदाहार लागत होते.

हे नाव बर्फापर्यंत पोचवले ते लन बापलेकांनी. हेन्री लन हा मेथॉडिस्ट डॉक्टर १८८७ साली मिशनरी म्हणून मद्रासकडे आला. वर्षभरातच प्रकृतीने परत गेला, पण जाताना एक वाद अंगावर घेऊन गेला: इथले मिशनरी साहेबी थाटात राहतात, त्यामुळे लोकांपासून तुटले आहेत, असे त्याचे म्हणणे होते. स्वकीयांना ते झोंबले. पुढे स्वित्झर्लंडमधल्या ग्रिंडेलवाल्डला त्याने वेगवेगळ्या चर्चपंथीयांच्या ऐक्यपरिषदा भरवल्या. परिषदांसाठी माणसे नेता नेता प्रवासाचा धंदा जमला आणि धर्मैक्य मागे पडले. 'पब्लिक स्कूल्स आल्पाइन स्पोर्ट्स क्लब' काढून तो हिवाळ्यात अख्खी हॉटेले भाड्याने घेऊ लागला, ती फक्त सभासदांसाठी. मद्रासच्या बंगल्यांवर टीका करणाऱ्याने बड्या घरच्या इंग्रजांना आल्प्समध्ये बंदिस्त हॉटेले मिळवून द्यावीत, यात मला विसंगती दिसते. त्याला ती दिसली असेल असे वाटत नाही.

या क्लबाच्या उपाध्यक्षांत लॉर्ड रॉबर्ट्सचे नाव होते. त्याच्या नावाचा करंडक ठेवला गेला आणि जानेवारी १९११ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या मोंतानाला पहिली 'रॉबर्ट्स ऑफ कंदाहार' शर्यत झाली. रॉबर्ट्स तेव्हा ७८ वर्षांचा होता. स्पर्धक जेमतेम दहा. आदल्या दिवशी ते चढून वर गेले, रात्र डोंगरातल्या झोपडीत काढली आणि सकाळी प्लेन मोर्त हिमनदीवरून सगळे एकदम सुटले. आखलेली वाट नाही, बर्फ दाबून सपाट केलेला नाही, वर न्यायला पाळणा नाही. खाली मोंतानात पहिला पोचेल तो जिंकला. विजेत्याला तासाभराहून थोडा अधिक वेळ लागला.

ही शर्यत भरवणारा हेन्रीचा मुलगा आर्नोल्ड. त्याचा जन्म १८८८ सालचा, मद्रासचा. १९०९ साली वेल्समध्ये कडा चढताना तो पडला आणि एक पाय मोडून कायमचा आखूड झाला. तरीही तो त्याच पायाने स्कीइंग करत राहिला. स्कीइंगचे मूळ नॉर्वेत. नॉर्वेकरांच्या लेखी खरे स्कीइंग म्हणजे मैलोन्‌मैल बर्फ तुडवणे आणि उडी मारणे. नुसते डोंगरावरून खाली येणे हा काही खेळ नव्हे. आर्नोल्डचे म्हणणे उलट होते: आल्प्समध्ये डोंगर उभे आहेत, इथले कौशल्य उतरण्यातच आहे. स्लालम म्हणजे रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी उतरणे. ते पूर्वी दिसण्यावर तोलले जाई. वळण डौलदार आले की गुण मिळत. १९२२ साली म्यूरेन गावी आर्नोल्डने काठ्यांच्या जोड्या रोवल्या आणि डौल बाजूला ठेवून फक्त वेळ मोजला. त्याच गावात १९२४ साली 'कंदाहार स्की क्लब' निघाला. आंतरराष्ट्रीय महासंघाने डाउनहिल आणि स्लालम मान्य करायला १९३० उजाडले. पुढे १९८० च्या दशकात स्नोबोर्डवाले आले तेव्हा अनेक ठिकाणी त्यांना पाळण्यात बसू देत नव्हते. नाके मुरडणारे आता डाउनहिलवालेच होते.

आर्लबर्ग हा टिरोल आणि फोरार्लबर्ग या ऑस्ट्रियन प्रांतांमधला घाट. बर्फात अडकणाऱ्या वाटसरूंसाठी तिथे १३८६ पासून धर्मशाळा होती. १८८४ साली रेल्वेचा बोगदा झाला, आणि घाटावरून होणारी वाहतूक डोंगराच्या पोटात गेली. ओस पडत चाललेल्या या गावांना दुसरा जन्म स्कीने दिला. घाटापलीकडच्या श्टुबेन गावचा हान्नेस श्नायडर १९०७ साली सांक्ट आंटोनच्या एका हॉटेलात पाहुण्यांना स्की शिकवायला लागला. गुडघ्यात वाकून, स्कीचे मागचे टोक फाकवून वेग आवरायचा आणि मग वळण घ्यायचे, ही त्याची 'आर्लबर्ग पद्धत'. साहेब असो की शिंप्याचा पोर, पायरी पायरीने कुणालाही शिकवता येईल अशी तिची रचना होती. पहिल्या महायुद्धात त्याने पहाडी पलटणींना शिकवले. नंतर गावात शाळा काढली. चित्रपटांत झळकला, १९३० साली जपानला जाऊन आला. त्याला मुत्सद्देगिरीची साथ होती रुडोल्फ गोम्पर्त्झ या व्हिएन्नाच्या इंजिनियरची. हवापालटाला म्हणून आलेला हा गृहस्थ गावचाच झाला आणि गावाचा पर्यटन कारभार त्याने उभा केला.

लन आणि श्नायडर यांनी मिळून मार्च १९२८ मध्ये पहिली आर्लबर्ग-कंदाहार भरवली. डाउनहिल आणि स्लालम दोन्ही. दोहोंची बेरीज करून विजेता. वर्षाआड म्यूरेन आणि सांक्ट आंटोन अशी ती फिरू लागली, आणि तिच्या विजेत्यांना जगज्जेत्यांचा मान मिळू लागला. स्वित्झर्लंडच्या गिडो रॉयगेने टाच तारेने आवळून धरणारी पकड काढली, तिलाही त्याने 'कंदाहार' नाव दिले. एव्हाना या नावातून रॉबर्ट्स गळून गेला होता. अयूबखान, मैवंद, ग्रेनेडियर्स हे तर आलेच नव्हते. कंदाहार म्हणजे वेग, एवढेच उरले.

मार्च १९३८ मध्ये शर्यत सांक्ट आंटोनला होती. त्याच वेळी हिटलरच्या फौजा ऑस्ट्रियात शिरल्या. श्नायडरने आपल्या शाळेत नाझी राजकारण चालू दिले नव्हते आणि ज्यू मित्रांना अंतर दिले नव्हते. त्याला पहिल्याच झडपेत पकडून लांडेकच्या तुरुंगात टाकले. शर्यत घ्या, खेळाचा राजकारणाशी काय संबंध, असे म्हणणे सोपे होते. त्या काळात पुष्कळांनी ते म्हटलेही. दोनच वर्षांपूर्वी बर्लिनला सारे जग खेळून आले होते. लनने शर्यत रद्द केली. श्नायडर कोठडीत असताना त्याच्या गावात कंदाहार होणार नाही, ही त्याची भूमिका. पुढे न्यूयॉर्कच्या हार्वे गिब्सन या बँकरने खटपट करून श्नायडरला सोडवले. फेब्रुवारी १९३९ मध्ये तो अमेरिकेत, न्यू हॅम्पशायरमधल्या नॉर्थ कॉनवेला, पोचला आणि १९५५ साली तिथेच वारला.

गोम्पर्त्झसाठी कुणी बँकर आला नाही. नाझींच्या हिशेबी तो ज्यू होता. ही मुले त्याची नव्हेतच, आर्य बापाची आहेत, असे त्याच्या बायकोने लिहून दिले, म्हणून दोन मुलगे वाचले. त्याला मे १९४२ मध्ये व्हिएन्नाहून मिन्स्कजवळच्या माली त्रोस्तेनेत्सला नेले आणि पोचताच मारले. ज्या गावाने त्याच्यामुळे पैसा पाहिला, त्या गावात त्याचे नाव पुढे कित्येक वर्षे फारसे घेतले जात नव्हते. श्नायडरचा पुतळा सर्वांना हवा असतो, कारण त्याची गोष्ट गोड संपते.

मला या नावाविषयी एक मत बनवता येत नाही. साम्राज्याच्या एका मोहिमेचे आणि महारांना पलटणीबाहेर ठेवणाऱ्या धोरणामागच्या माणसाचे बिरुद. तेच १९३८ साली एका मित्राखातर राखले गेले. रॉबर्ट्सचा दोष लनला लावणे बरोबर नाही, आणि लनच्या पुण्याईने रॉबर्ट्स धुतला जात नाही. पाटीवर मात्र दोघांसाठी एकच शब्द आहे.

सांक्ट आंटोन, त्स्यूर्स, लेश, श्टुबेन ही गावे २०१६ साली नव्या पाळण्याने जोडली गेली. आता तीनशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या उतारांचे ते एकच क्षेत्र आहे. श्नायडर ज्या श्टुबेनहून घाट ओलांडून आला, तिथून माणूस पाळण्यात बसून सांक्ट आंटोनच्या बाजूला येतो आणि स्नोबोर्डवर उभा राहून खाली सुटतो. खाली रेल्वेस्टेशन आहे. २००१ च्या जागतिक स्पर्धेआधी रुळांची जागा बदलून ते हलवले. जुन्या रुळांच्या जागी गावाला मोकळी जमीन मिळाली.