बंदी कीं बंधन? १८९३ चें गांजा-कमिशन

मादक पदार्थांना कायद्यानें सर्वस्वी बंदी करावी, कीं त्यांची विक्री परवान्याच्या चौकटींत आणून सरकारनें ती आपल्या देखरेखीखालीं ठेवावी, हा वाद अगदीं अलीकडचा आहे असा सर्वसाधारण समज दिसतो. २०१३ सालीं उरुग्वेनें व २०१८ सालीं कॅनडानें गांजा कायदेशीर करण्याचे कायदे केले, तेव्हांपासून तर हा पश्चिमेकडून आलेला नवाच विचार आहे, असें पुष्कळांना वाटूं लागलें आहे. वस्तुतः हाच प्रश्न हिंदुस्थानांत १८९३ सालीं विचारला गेला होता. नुसता विचारला गेला नव्हता, तर सात सभासदांच्या एका कमिशननें प्रांतोप्रांतीं फिरून, ११९३ साक्षीदारांचीं मतें नोंदवून, त्याचें सात खंडांचें उत्तरही दिलें होतें. ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ हें त्याचें अधिकृत नांव. त्याला सोयीसाठीं गांजा-कमिशन म्हणणें योग्य होईल.

प्रथम ज्या जिनसांची चौकशी झाली त्यांची ओळख करून घेतली पाहिजे. एकाच जातीच्या झाडापासून तीन पदार्थ मिळतात. पानें वाटून होते ती भांग. मादी झाडाचे राळेनें चिकट झालेले फुलोऱ्याचे शेंडे तो गांजा. आणि निव्वळ राळ म्हणजे चरस. भांग प्यावयाची, गांजा व चरस चिलमींतून ओढावयाचे. भांगेची नशा सौम्य, गांज्याची तिच्याहून तीव्र आणि चरसाची सर्वांत तीव्र. गांज्याच्या शेतांतून नर-झाडें वेळींच उपटून टाकावीं लागतात, कारण मादी झाडांनीं बीज धरलें कीं मालाचा कस उतरतो. म्हणजे गांजा हें रानांत आपोआप उगवणारें तण नव्हे. तें श्रमाचें आणि जाणतेपणाचें पीक होय, आणि जें पीक आहे त्यावर सरकारचा कर बसूं शकतो.

हा कर बसविण्याची पद्धत मात्र प्रत्येक प्रांतांत निराळी होती. बंगाल्यांत राजशाही जिल्ह्यांतील नौगांवच्या परिसरांतच गांज्याची लागवड करण्याची मुभा असे. तेथील माल सरकारी देखरेखीखालीं वखारींत जाई व वजनावर कर भरल्यावरच दुकानदाराच्या हातीं पडे. मध्यप्रांतांत लागवड निमाड जिल्ह्यापुरती आखून दिलेली होती. पंजाबांत चरस येई तो हिमालयापलीकडील यारकंदहून, लडाखच्या वाटेनें. आणि मुंबई इलाख्यांत, जेथें नगर (आजचा अहिल्यानगर) व सातारा या जिल्ह्यांत गांजा पिके, तेथें पिकविणाऱ्यावर फारसें बंधनच नव्हतें. एकाच साम्राज्यांत एका ठिकाणीं कडक पहारा, तर दुसऱ्या ठिकाणीं मोकळें रान, अशी ही स्थिति होती.

या स्थितीकडे विलायतेचें लक्ष वेधलें तें डब्ल्यू. एस्. केन यांनीं. केन हे पार्लमेंटाचे सभासद, मद्यपाननिषेधाचे कट्टर पुरस्कर्ते आणि हिंदी राष्ट्रसभेविषयीं सहानुभूति बाळगणारे गृहस्थ होते. २ मार्च १८९३ रोजीं त्यांनीं कॉमन्स सभेंत मागणी केली कीं, बंगाल्यांतील या पदार्थांची लागवड व व्यापार, लोकांच्या सामाजिक व नैतिक स्थितीवर होणारे त्यांचे परिणाम, आणि बंदीची इष्टता यांची चौकशी एका कमिशनमार्फत व्हावी. भारतमंत्री लॉर्ड किंबर्ले यांनीं ती मान्य केली, आणि हिंदुस्थान सरकारनें चौकशीचें क्षेत्र बंगाल्यापुरतें न ठेवतां सबंध देशापर्यंत वाढविलें. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे अध्यक्ष झाले. त्यांच्यासह चार सभासद इंग्रज होते. राजा शशिशेखरेश्वर राय, कुंवर हरनामसिंग आणि लाला निहालचंद हे तिघे हिंदी. १८९३ च्या ऑगस्टमध्यें कलकत्त्यास कामाला आरंभ झाला.

कमिशनपुढें जो समज सर्वमान्य म्हणून उभा होता तो असा: गांजा ओढणारा मनुष्य अखेर वेडा होतो. या समजाला आधार होता तो सरकारी वेड्यांच्या इस्पितळांच्या वार्षिक तक्त्यांचा. त्या तक्त्यांत ‘वेडाचें कारण’ असा एक रकाना असे आणि त्यांत वर्षानुवर्षें गांज्याचें नांव ठळकपणें झळकत असे. सरकारी छापील आंकडा म्हटला कीं त्यावर सहसा कोणी शंका घेत नाहीं. कमिशननें ती घेतली, आणि हीच त्याच्या कार्यांतील सर्वांत मोलाची गोष्ट ठरली.

हा रकाना भरला कसा जाई, याचा कमिशननें माग काढला. रस्त्यावर भ्रमिष्टासारखा हिंडणारा एखादा मनुष्य पोलिसांच्या हातीं लागे. त्याचें गांव, त्याचे नातलग, त्याचा पूर्वेतिहास, यांचा कांहींच पत्ता नसे. त्याच्याबरोबर पाठवावयाच्या कागदांत कारण तर लिहिलेंच पाहिजे. मग तो गांजा ओढतो असें कोणी सांगितलें, किंवा तसा नुसता तर्क झाला, तरी तेवढ्यावर काम भागे. इस्पितळांत तोच शब्द पुढच्या वहींत उतरे, वहींतून वार्षिक तक्त्यांत जाई आणि तक्त्यांतून विद्वानांच्या ग्रंथांत. कारकुनाच्या सोयीचा शब्द असा पायरी-पायरीनें शास्त्राचा सिद्धान्त होऊन बसला होता.

कमिशननें १८९२ हें एक साल घेतलें आणि त्या सालचे रोगी एक एक करून पुन्हां तपासविले. त्या वर्षीं ब्रिटिश हिंदुस्थानांतील वेड्यांच्या इस्पितळांत १३४४ रोगी दाखल झाले होते. त्यांपैकीं २२२ जणांच्या वेडाचें खापर या पदार्थांवर फोडण्यांत आलें होतें. शक्य तेथें मूळ गांवीं विचारपूस करण्यांत आली, नातलगांचे जबाब झाले, कागद ताडून पाहण्यांत आले. अखेरीस ज्यांच्या वेडाशीं गांजा, चरस वा भांग यांचा संबंध वाजवीपणें जोडतां येईल असे ९८ च रोगी उरले, आणि त्यांतही दुसरें कोणतेंच कारण दिसत नाहीं असे केवळ ६१. गांज्यानें वेड लागतच नाहीं असें कमिशन म्हणालें नाहीं. अतिसेवनानें, विशेषतः मूळच्या दुर्बल मनाच्या माणसाला, तें लागूं शकतें, हें त्यानें मान्यच केलें. परंतु जी आपत्ति सार्वत्रिक म्हणून सांगितली जात होती तिचा मोठा भाग कागदावरच जन्मला होता, हें त्यानें दाखवून दिलें. गांज्याच्या धुंदींत खून पडतात, या समजाचीही तीच गत झाली. साक्षीदारांनीं सांगितलेल्या प्रकरणांचे मूळ कागद मागवून पाहतां बहुतेक ठिकाणीं तो संबंध टिकला नाहीं.

आंकड्यांइतकेंच लोकांच्या आचारालाही कमिशननें महत्त्व दिलें. या बाबतींत मुंबई इलाख्यानें एक उल्लेखनीय भर घातली. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादक म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेले जे. एम्. कॅम्बेल त्या वेळीं मुंबईस जमीनमहसूल, जकात व अफू या खात्यांचे कलेक्टर होते. भांगेला लोकांच्या धर्मकल्पनांत कोणतें स्थान आहे, याविषयीं त्यांनीं एक टिपण लिहून दिलें आणि तें अहवालाला जोडण्यांत आलें. शंकराला प्रिय म्हणून मानलेली वनस्पति, उत्तरेकडे होळीला घराघरांत घोटली जाणारी भांग, गोसाव्या-बैराग्यांची चिलीम: हें सारें एका फर्मानानें पुसून टाकावयाचें तर सरकारला लोकांच्या देवघरापर्यंत हात घालावा लागेल, ही जाणीव त्या अहवालांत जागोजाग दिसते.

१८९४ सालीं अहवाल पुरा झाला. त्याचा निष्कर्ष असा: परिमित सेवनापासून व्यवहारतः कांहीं अपाय होत नाहीं, अतिसेवन घातक आहे, परंतु सेवन करणाऱ्यांत परिमिततेचा नियम आहे व अतिरेक हा अपवाद. म्हणून संपूर्ण बंदी अवश्यही नाहीं व इष्टही नाहीं. बंदी केली तर पोलिसांना व खबऱ्यांना घरोघर शिरण्याचें निमित्त मिळेल, संस्थानांतून चोरटा माल येत राहील, आणि ज्यांची चिलीम हिरावली ते दारूकडे किंवा धोतऱ्यासारख्या खऱ्या विषाकडे वळतील. त्याऐवजीं लागवड परवान्यानें थोड्या क्षेत्रांत एकवटावी, माल सरकारी वखारींत ठेवावा, वजनावर कर घ्यावा, दुकानांची संख्या मर्यादित करावी आणि एका माणसाजवळ किती माल असावा याला हद्द घालावी. कर इतका चढवावा कीं सेवन आटोक्यांत राहील. पण इतका नव्हे कीं लोक चोरट्या मालाला लागतील. बंगाल्याची पद्धत या कामीं आदर्श मानण्यांत आली, आणि मुंबई इलाख्यांतील मोकळीक सदोष ठरली.

येथपर्यंतचा इतिहास वाचून नियंत्रणाच्या पुरस्कर्त्यांना समाधान वाटेल. परंतु दुसरी बाजू तितकीच खरी आहे. राजा शशिशेखरेश्वर राय व लाला निहालचंद या दोघां हिंदी सभासदांनीं आपलीं भिन्न मतें अहवालाला जोडलीं. बहुमतानें मानला त्याहून या व्यसनाचा अपाय त्यांना अधिक गंभीर वाटला. आणि त्यांच्या असमाधानामागें एक सार्वत्रिक अनुभव होता. सरकार ज्यावर कर घेतें त्याचा खप कमी व्हावा असें त्याला मनापासून वाटतें काय? १८८० सालीं पुणें नगरपालिकेचे सभासद असतांना जोतीराव फुले यांनीं शहरांतील दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती, आणि १९०८ सालीं लोकमान्य टिळकांच्या पुढारीपणाखालीं पुण्याच्या दारूच्या दुकानांपुढें स्वयंसेवक उभे राहिले. त्या सर्व दुकानांना सरकारी परवानेच होते.

त्याच १८९३ सालीं लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखालीं अफूची चौकशी करणारें रॉयल कमिशनही नेमलें गेलें होतें. त्यानेंही बंदीविरुद्धच कौल दिला. पण अफूचें उत्पन्न हा हिंदुस्थान सरकारच्या तिजोरीचा एक मोठा आधारस्तंभ होता आणि चीनकडे जाणाऱ्या पेट्यांवर तो उभा होता. त्यामुळें त्या कौलावर निःपक्षपातीपणाचा विश्वास बसणें कठीण झालें. हेन्री विल्सन या सभासदानें त्याच वेळीं भिन्नमत नोंदविलें. पुढें १९०७ च्या करारानें चीनची निर्यात दरसाल घटविण्यांत आली व १९१३ सालीं ती थांबली. म्हणजे अफूच्या बाबतींत ‘नियंत्रण’ या शब्दाआड व्यापार दडला होता, हें काळानेंच सिद्ध केलें.

गांज्याच्या बाबतींत हा मोह किती सौम्य व किती चिवट असूं शकतो, याचें उदाहरण नौगांवनेंच दिलें. तेथें १९१७ सालीं गांजा पिकविणाऱ्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था स्थापन झाली. दलालांच्या तावडींतून शेतकरी सुटला, हें चांगलेंच झालें. संस्थेच्या नफ्यांतून शाळा, दवाखाने व प्रार्थनामंदिरें उभीं राहिलीं, हेंही कौतुकास्पदच. परंतु ज्या गांवची शाळा गांज्याच्या खपावर चालते त्या गांवानें खप कमी व्हावा अशी इच्छा कोणत्या तोंडानें करावी? हा परिसर पुढें बांगलादेशांत गेला, आणि १९८७ सालीं तेथील लागवड बंद झाली.

दरम्यान जगाचें वारें फिरलें होतें. १९२५ सालीं जिनीव्हा येथील परिषदेंत इजिप्तच्या आग्रहावरून हा पदार्थ आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखालीं आला. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानें त्याचा वैद्यकेतर उपयोग २५ वर्षांत बंद करण्याचें ठरलें. पानें मात्र व्याख्येबाहेर राहिलीं. भारतानें १९८५ सालीं अमली पदार्थांविषयींचा कडक कायदा केला. आज त्या कायद्यान्वयें २० किलोहून अधिक गांजा जवळ सापडल्यास किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. आणि शेंड्यांवेगळ्या पानांची भांग मात्र उत्तर प्रदेश व राजस्थान यांसारख्या राज्यांत परवान्याच्या दुकानांतून मिळते. म्हणजे एकाच झाडाच्या शेंड्याला बंदी आणि पानाला बंधन, असे दोन्ही मार्ग आज एकाच देशांत शेजारीं शेजारीं नांदत आहेत. २०२० च्या डिसेंबरमध्यें संयुक्त राष्ट्रांच्या अमली द्रव्यविषयक आयोगानें गांज्याला सर्वांत घातक द्रव्यांच्या यादींतून वगळलें, तेव्हां भारतानें त्या बाजूनें मत दिलें, हीही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

या सर्व इतिहासावरून बंदीचा किंवा मोकळिकीचा सरसकट कौल काढणें म्हणजे कमिशनच्या परिश्रमांचा अवमान होईल. १८९४ चा निष्कर्ष त्या काळच्या परिमित सेवनाविषयींचा होता. आजच्या अधिक तीव्र मालाला, किंवा अगदींच निराळ्या द्रव्यांना, तो जसाच्या तसा लावतां येणार नाहीं. मात्र त्याची रीत आजही लागू पडते. बंदी असो वा बंधन असो, त्यानें समाजाचें हित होतें कीं नाहीं, हें शेवटीं मोजूनच ठरवावें लागतें. आणि तें मोजणारा हात त्या मालावरील कर गोळा करणारा नसावा, तसाच भीतीनें थरथरणाराही नसावा. १८९२ सालच्या तक्त्यांत २२२ हा आंकडा छापून तयार होता. तो मान्य करणें सर्वांत सोपें होतें. कोणी तरी त्या माणसांच्या गांवीं जाऊन विचारपूस केली, म्हणूनच तो ९८ वर आला.