तोकाइदो: निर्बंधांच्या वाटेवर घडलेला जपानी प्रवास

जपानला पहिल्यांदा जाणारा प्रवासी सहसा टोकियो, हाकोनेचा डोंगराळ प्रदेश, वाटेत फुजी पर्वताचे दर्शन, मग क्योटो आणि ओसाका अशा क्रमाने आपला कार्यक्रम आखतो. हा क्रम आजच्या पर्यटन कंपन्यांनी बसवला असा अनेकांचा समज असला, तरी तो चार शतकांपूर्वीच्या एका राजमार्गाने ठरवून दिलेला आहे. तोकाइदो, म्हणजे पूर्वेकडच्या समुद्रालगतचा मार्ग, हे त्याचे नाव. एदो (आजचे टोकियो) आणि क्योटो यांना जोडणारा सुमारे ४९० किलोमीटरचा हा रस्ता तोकुगावा घराण्याच्या राजवटीत, म्हणजे १६०३ ते १८६८ या काळात, देशाचा मुख्य कणा होता. या राजवटीने सामान्य माणसाच्या हालचालीवर कडक नजर ठेवली, आणि तरीही जपानी समाजाला प्रवासाची गोडी लागली ती याच काळात. जपानी प्रवाससंस्कृतीची बहुतेक अंगे या निर्बंधांशी जुळवून घेता घेताच आकाराला आली.

१६०० मधील सेकिगाहाराच्या लढाईनंतर सत्ता हाती येताच तोकुगावा इएयासू याने १६०१ मध्ये तोकाइदोवर टप्प्याटप्प्याने घोडे पुरवणाऱ्या गावांची व्यवस्था लावली. अशा टप्प्याच्या गावाला 'शुकुबा' म्हणत. सरकारी निरोप आणि सामान पुढच्या गावापर्यंत पोचवण्यासाठी प्रत्येक शुकुबाने सुरुवातीला ३६ घोडे राखावेत असा दंडक होता. १७व्या शतकाच्या मध्यापर्यंत तो १०० माणसे आणि १०० घोडे इथवर वाढला. एदोतील निहोनबाशी हा पूल सर्व प्रमुख रस्त्यांचा आरंभबिंदू ठरला. १६०४ पासून दर एक 'री' अंतरावर, म्हणजे साधारण ३.९ किलोमीटरवर, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मातीचे उंचवटे रचून त्यांवर झाडे लावण्यात आली. हे उंचवटे म्हणजे त्या काळचे मैलाचे दगड असून, अंतर मोजण्याबरोबरच पांथस्थाला सावली देण्याचे कामही ते करीत. एदो आणि क्योटो यांच्या दरम्यान शुकुबांची संख्या अखेर ५३ झाली आणि सशक्त माणसाला हे अंतर पायी तोडायला साधारण दोन आठवडे लागत.

रस्त्यावरची वर्दळ वाढली ती १६३५ मध्ये सक्तीच्या झालेल्या 'सान्किन कोताई' या पद्धतीमुळे. प्रत्येक दाइम्योने, म्हणजे प्रांताधिपतीने, सर्वसाधारणपणे एक वर्ष एदोत आणि एक वर्ष स्वतःच्या प्रांतात राहावे, पत्नी आणि वारस यांना मात्र कायम एदोत ठेवावे, असा हा नियम होता. कुटुंब ओलीस राहिल्याने बंडाची भीती उरत नसे आणि शेकडो माणसांच्या लवाजम्यासह येण्याजाण्याच्या खर्चाने सरदारांची तिजोरीही हलकी होत असे. या मिरवणुकांसाठी प्रत्येक शुकुबात 'होन्जिन' नावाची प्रतिष्ठित निवासस्थाने उभी राहिली. वाढत्या वाहतुकीचा भार शेवटी आसपासच्या खेड्यांवर पडला. 'सुकेगो' या पद्धतीनुसार त्यांना शुकुबाला माणसे आणि घोडे पुरवावे लागत, आणि ऐन शेतीच्या हंगामात आलेली ही वेठ शेतकऱ्यांना फार जाचक होई. १७६४ मध्ये नाकासेन्दो या डोंगरातून जाणाऱ्या दुसऱ्या राजमार्गालगत या ओझ्याविरुद्ध शेतकऱ्यांचा मोठा उठाव झाला, ही गोष्ट त्या रस्त्यांच्या रम्य चित्रांमागे सहसा झाकली जाते.

सामान्य माणसाला प्रवासाला निघण्यापूर्वी 'ओराई तेगाता' हा परवाना लागे. तो गावचा मुखिया किंवा कुटुंबाचे नाव ज्याच्या नोंदवहीत असे ते बौद्ध मंदिर देत असे. त्यात प्रवाशाचे नाव, गाव, पंथ आणि प्रवासाचे कारण लिहिलेले असे; नाक्यांवर याला जाऊ द्यावे, अंधार पडल्यास मुक्कामाला जागा द्यावी, अशी विनंती असे; आणि वाटेत मृत्यू आलाच तर तिथल्या रिवाजाप्रमाणे अंत्यसंस्कार उरकावेत, घरी कळवण्याची गरज नाही, असेही त्यात बहुधा नमूद केलेले असे. घरून निघतानाच मरणाची तजवीज करून ठेवणारा हा कागद त्या काळच्या प्रवासातील धोके कोणत्याही वर्णनापेक्षा नेमके सांगतो.

परवान्याची खरी कसोटी लागे ती 'सेकिशो' या तपासणी नाक्यांवर. एदोत शिरणाऱ्या बंदुका आणि एदोतून बाहेर पडणाऱ्या स्त्रिया या दोन गोष्टींवर राजवटीचा विशेष डोळा होता, कारण सरदारांच्या ओलीस ठेवलेल्या बायका वेश पालटून निसटल्या तर सगळी व्यवस्थाच कोलमडली असती. १६१९ मध्ये उभारलेल्या हाकोनेच्या नाक्यावर स्त्रियांच्या तपासणीवरच भर होता. स्त्रियांना वेगळा परवाना घ्यावा लागे आणि त्यात केशरचना, शरीरावरील खुणा, ती संन्यासिनी आहे की विवाहिता, असा तपशील असे. नाक्यावर यासाठी नेमलेली स्त्री केस सोडून तपासणी करी आणि कागदाशी काही जुळले नाही तर परत फिरावे लागे. नाका चुकवून डोंगरातून जाणाऱ्याला कायद्याने वधस्तंभाची शिक्षा होती. प्रत्यक्षात मात्र 'वाट चुकलेला' अशी नोंद करून अधिकारी पुष्कळदा प्रकरण मिटवीत असत.

शिझुओका भागातील ओई नदी हा या मार्गावरचा आणखी एक अडसर होता. या नदीवर पूल बांधण्यास परवानगी नव्हती आणि नावही चालवू देत नसत. एदोच्या संरक्षणासाठी ही बंदी होती असे सांगितले जाते. शिवाय नदीचा वेग, सतत बदलणारे पात्र आणि काठावरच्या शिमादा आणि कानाया या गावांचे हितसंबंध हीही कारणे होती. प्रवाशाला हमालाच्या खांद्यावर बसून किंवा 'रेन्दाई' नावाच्या लाकडी चौकटीवर बसून नदी ओलांडावी लागे. १६९६ मध्ये या कामासाठी स्वतंत्र कचेरी स्थापन झाली आणि पाण्याच्या खोलीवरून दर ठरू लागला: हमालाच्या मांडीपर्यंत पाणी असेल तर ४८ मोन, काखेपर्यंत असेल तर ९४ मोन. मोन हे तांब्याचे छोटे नाणे. पाणी सुमारे १३६ सेंटिमीटरवर गेले की नदी बंद होई, आणि मग पूर ओसरेपर्यंत काठावरच्या खानावळींत थांबण्यावाचून गत्यंतर नसे. पावसाळ्यात अशा मुक्कामांनी भल्याभल्यांची थैली रिकामी होत असल्याने, प्रवासाचा अंदाज बांधताना नदीकाठचे हे अडकलेले दिवस हिशेबात धरावे लागत.

एवढे अडथळे असूनही लोक निघत, कारण तीर्थयात्रा हे असे कारण होते की ते नाकारणे राजवटीलाही जड जाई. सूर्यदेवता अमातेरासू हिचे इसे येथील देवस्थान हे या यात्रांचे प्रमुख स्थान. शेतकऱ्याला एकट्याने हा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून गावोगावी 'इसे-को' नावाच्या मंडळ्या निघाल्या. मराठी वाचकाला परिचित असलेल्या भिशीशी त्यांचे बरेच साम्य होते: सभासद ठरलेली वर्गणी जमा करीत, चिठ्ठी टाकून काही जणांची निवड होई, आणि ज्यांचे नाव निघेल ते सर्वांच्या वतीने दर्शन घेऊन प्रत्येकासाठी देवस्थानाचा ताईत आणीत. यात्रेची बाकीची व्यवस्था 'ओन्शी' पाहत. हे देवस्थानाशी जोडलेले पुरोहित देशभर आपापले यजमान राखून असत, दरवर्षी त्यांच्याकडे ताईत आणि पंचांग पोचवीत, आणि यजमान इसेला आले की त्यांची निवास, भोजन आणि पूजा यांची सोय करीत. आजच्या प्रवास कंपन्यांची कामे अशा रीतीने पुरोहितवर्गाने आधीच हाती घेतली होती. दर्शन झाल्यावर हेच यात्रेकरू नारा, क्योटो, ओसाका पाहून परतत, आणि एकदा घर सोडल्यावर देवाच्या निमित्ताने देश पाहून घेण्यात कोणालाच वावगे वाटत नसे.

काही वर्षी तर परवाना, वर्गणी, वरिष्ठांची संमती असे सगळेच बाजूला पडे. १६५०, १७०५, १७७१ आणि १८३० या वर्षांत 'ओकागे-माइरी' नावाच्या यात्रेच्या लाटा उसळल्या. १७०५ मध्ये पन्नास दिवसांत ३६ लाखांहून अधिक यात्रेकरू आल्याची नोंद विद्वान मोतोओरी नोरिनागा याने दिली आहे. आकड्याबद्दल शंका घेतली तरी, देशाची लोकसंख्या तीन कोटींच्या आसपास असताना ही गर्दी अफाटच होती. दुकानातील पोरे, मोलकरणी, लहान मुले मालकाला किंवा आईवडिलांना न सांगता निघून जात आणि वाटेवरचे लोक त्यांना अन्न आणि आसरा देत. देवदर्शन करून आलेल्या नोकराला मालकाने शिक्षा करू नये असा लोकसंकेत असल्याने ही पळवाट टिकून राहिली.

प्रवास करणाऱ्यांची संख्या वाढली तशी त्यांच्यासाठी पुस्तके निघू लागली. १६९० मध्ये ओचिकोची दोइन याच्या मोजणीवर आधारलेला आणि हिशिकावा मोरोनोबू या चित्रकाराने सजवलेला तोकाइदोचा घडीचा नकाशा प्रसिद्ध झाला. १७८० मध्ये आकिसातो रितो याने क्योटोतील प्रेक्षणीय स्थळांचा सचित्र ग्रंथ काढला आणि त्या धर्तीवर पुढे तोकाइदो, इसे, एदो यांवरही ग्रंथ आले. प्रत्यक्ष प्रवासाच्या दृष्टीने मात्र सर्वांत उपयुक्त पुस्तक १८१० मध्ये यासुमी रोआन याने लिहिले. 'र्योको योजिनशू', म्हणजे प्रवासात घ्यावयाच्या खबरदाऱ्यांचा संग्रह, हे त्याचे नाव असून त्यात ६१ सूचना आहेत. पहिल्या दिवशी पावले सावकाश टाकावीत. मुक्कामाला पोचल्यावर आधी दिशा विचारून घ्यावी, मग घराची रचना, शौचकूप आणि पुढचीमागची दारे पाहून ठेवावीत, असे तो सांगतो. सोबत न्यायच्या वस्तूंत सुईदोरा, आरसा, दौत-लेखणी, सामान टांगायला दोरी आणि आकडा यांच्याबरोबर एक शिक्काही आहे; त्याचा ठसा घरी ठेवून जावा, म्हणजे प्रवासातून पाठवलेले पत्र किंवा हुंडी खरी की खोटी हे घरच्यांना पडताळता येईल, असा त्यामागचा व्यवहारी विचार आहे.

सामान्य प्रवाशांच्या मुक्कामाच्या जागा दोन प्रकारच्या होत्या. 'हातागो' या खानावळीत रात्रीचे आणि सकाळचे जेवण मिळे, तर स्वस्त 'किचिन-यादो'त सरपणाचे पैसे देऊन आपला भात आपण शिजवावा लागे. अनेक हातागोंत वाढपी म्हणून ठेवलेल्या स्त्रियांकडून देहविक्रय करवून घेतला जाई. १७१८ मध्ये राजवटीने अशा स्त्रियांची संख्या एका हातागोमागे दोनवर मर्यादित केली, पण तो नियम सर्रास मोडला गेला. एकट्यादुकट्या व्यापाऱ्याला निर्धोक मुक्काम मिळावा म्हणून १८०४ मध्ये ओसाकात 'नानिवा-को' ही संघटना निघाली. खात्रीच्या खानावळींना ती आपली पाटी लावायला देई, सभासदांना ओळखपत्र देई, आणि जुगार खेळणाऱ्यांना, वेश्या बोलावणाऱ्यांना थारा देत नसे. शिफारशीच्या यादीवरून हॉटेल निवडण्याची पद्धत जपानमध्ये निदान तेवढी जुनी आहे.

वाटेवरच्या गावांनी आपापली खासियत जोपासली. मारिको येथील किसलेल्या कंदाची पातळ आमटी, कुवाना येथील भाजलेल्या शिंपल्या, आरिमात्सु येथील बांधणीचे कापड, हाकोने येथील लाकडी जडावकाम या वस्तू त्या वाटेमुळेच नावारूपाला आल्या. निघताना नातेवाईक आणि शेजारी प्रवाशाच्या हाती पैसे ठेवीत, आणि परतताना त्या प्रत्येकासाठी काही तरी आणणे हे कर्तव्य मानले जाई. म्हणून हलक्या, टिकाऊ आणि त्या गावाची ओळख सांगणाऱ्या वस्तूंना मागणी आली. ज्यांना जाणे शक्य नव्हते, त्यांच्यापर्यंत हा रस्ता साहित्य आणि चित्रांमधून पोचला. जिप्पेन्शा इक्कू याने १८०२ पासून याजी आणि किता या दोन उडाणटप्पू प्रवाशांची विनोदी कथामाला लिहिली, तर चित्रकार हिरोशिगे याने १८३३-३४ च्या सुमारास ५३ शुकुबा आणि दोन्ही टोके मिळून ५५ काष्ठमुद्रा चित्रे काढली.

तोकुगावांच्या जागी मेइजी सम्राटाची राजवट आल्यावर ही सगळी चौकट अल्पावधीत मोडली. १८६९ मध्ये तपासणी नाके उठले, १८७० मध्ये ओई नदीवरची सक्ती संपली, १८७१ मध्ये ओन्शींची प्रथा रद्द झाली. बेकार झालेल्या नदीवरच्या हमालांपैकी काहींनी जवळच्या माकिनोहारा पठारावर जमीन फोडून चहाचे मळे लावले, आणि आज ते पठार जपानमधील मोठ्या चहाक्षेत्रांत गणले जाते. १८७२ मध्ये टोकियो-योकोहामा रेल्वे सुरू झाली आणि १८८९ मध्ये तोकाइदोच्या दिशेने ती कोबेपर्यंत पोचली. परदेशी माणसाला मात्र निर्बंध चुकले नव्हते: करारान्वये परदेशीयांना खुल्या झालेल्या बंदरांपासून १० री, म्हणजे जेमतेम ३९ किलोमीटर, यापलीकडे जायचे तर त्याला वेगळा परवाना लागे, आणि ही अट १८९९ मध्ये सुटली. १८९३ च्या मे महिन्यात मुंबईहून जहाजाने निघालेले स्वामी विवेकानंद कोबेला उतरून खुष्कीच्या मार्गाने ओसाका, क्योटो, टोकियो पाहत योकोहामाला गेले. त्याच वर्षी जपानी कंपनीची कोबे-मुंबई जहाजसेवा सुरू झाली, जिच्या उभारणीत जमशेटजी टाटांचा सहभाग होता.

१९१२ मध्ये परदेशी पाहुण्यांसाठी जपान टुरिस्ट ब्युरो स्थापन झाला आणि १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो-ओसाका मार्गावर पहिली शिन्कान्सेन ही वेगवान रेल्वे धावली. दोन आठवड्यांची वाट सुरुवातीला चार तासांवर आली, पण तिचे नावही तोकाइदो शिन्कान्सेन असेच राहिले. वेग वाढला तसे मधले टप्पे मात्र प्रवाशांच्या नजरेआड झाले. म्हणून जपानचा कार्यक्रम आखणाऱ्याने निदान एक दिवस या जुन्या वाटेला द्यावा: हाकोनेत १६८० मध्ये घातलेली फरसबंदी आणि पुन्हा उभारलेला नाका आहे, तोकाइदोवरच्या सेकी गावात जुनी घरे जपलेली आहेत, आणि नाकासेन्दोवर मागोमे ते त्सुमागो हे अंतर काही तासांत पायी तोडता येते. टोकियो आणि क्योटो ही शहरे एकमेकांना कशी जोडली गेली, हे गाडीच्या खिडकीतून कळत नाही. त्यासाठी थोडे चालावेच लागते.