पास होणे

इंग्रजांनी आपल्याला जी क्रियापदे दिली, त्यांत 'पास'इतके घरात मुरलेले दुसरे नाही. लॅटिनमध्ये 'पासुस' म्हणजे पाऊल. तिथून फ्रेंचांच्या मार्फत ते इंग्रजांकडे गेले. अर्थ सरळ : पुढे जाणे, ओलांडणे. इंग्रजाचा वेळ गेला तरी पास आणि सज्जन माणूस गेला तरी पासच!

आमच्या मालवणच्या किनाऱ्याला शब्द कळण्याआधीच त्याचा जाच कळला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी 'कार्ताझ' नावाचा परवाना काढला. तो नसलेले गलबत सापडले की मालासकट जप्त! समुद्र आमचा, वारा देवाचा, आणि पुढे जायला कागद फिरंग्याचा. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला तो काही हवापालटासाठी नव्हे. पुढे कान्होजी आंग्र्यांनी स्वतःची दस्तके काढून हिशेबच उलटा केला.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले, १८५९ साली मॅट्रिकची पहिली परीक्षा झाली आणि समुद्रावरचा परवाना जमिनीवर आला. त्या पहिल्या तुकडीत न्यायमूर्ती रानडे पास झाले. इंग्रजीत परीक्षा देणाराच परीक्षा 'पास करतो'. आपण मात्र पास 'होतो'. अभ्यास आपला, पण कर्ता कुणीतरी वरचा! आणि उलट अर्थासाठी फारसीतला 'ना' आणून जोडला : नापास. एका माणसाला बुडवायला तीन भाषा लागल्या.

आमच्या बँकेत तर हे क्रियापद दिवसभर राबते. पासबुक आहे, बिल पास होते, चेक पास होतो. मुंबईच्या लेकाने धाडलेला चेक भरून एखादी आजी काउंटरवर विचारते, "झिला, माझो चेक पास झालो काय रे?" तेव्हा तिचा आवाज निकालाच्या दिवशीच्या पोराचा असतो.

निकालात मात्र आमचा हात कुणी धरू नये. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून होणाऱ्या कोकण मंडळाचा २०२४ चा दहावीचा निकाल ९९.०१ टक्के, राज्यात पहिला. म्हणजे नापास व्हायला शंभरांत जेमतेम एक पोर शिल्लक! गावभर पेढे वाटले जातात. मग बॅगा भरल्या जातात. कुणी मुंबईला, कुणी पुण्याला, कुणी गोव्याला. तेव्हा कळते, की लॅटिनवाले खोटे बोलत नव्हते : पास म्हणजे पाऊल, पास म्हणजे पुढे निघून जाणे.

मराठीत 'पाशी' म्हणजे जवळ. पण पास झालेले पोर आईपाशी राहत नाही, आणि पास हो म्हणून देवाला नारळ ठेवलेला असतो तो तिनेच. त्या उरलेल्या एक टक्क्याकडे आमच्या गावच्या म्हाताऱ्या जरा जास्तच मायेने बघतात, त्याचे कारण मंडळाच्या आकडेवारीत सापडायचे नाही.