हात पसरणे नव्हे, हक्क मागणे

सुवर्णमहोत्सवाच्या अंकात यशाच्या आठवणी अधिक असाव्यात, हे स्वाभाविकच आहे. वऱ्हाड-नागपुरातून आणि त्याहूनही दूरच्या गावांतून भिलाईत येऊन स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांनी येथे घरे उभारली, मुले शिकविली, गणेशोत्सव आणि नाटके जिवंत ठेवली. परंतु यांपैकीच एखाद्या घरी नोकरी सुटल्याचा कागद आला, तेव्हा कर्त्या माणसाने तो शेजाऱ्यालाही दाखविला नाही. भत्ता मागणे म्हणजे हात पसरणे, अशी आम्हा मध्यमवर्गीयांची समजूत. ही समजूत कशी निराधार आहे, हे इतिहासाच्याच साक्षीने पाहावे, असे आम्हांस वाटते.

भिलाईच्या कारखान्यासाठी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. कारखान्यातला कायम नोकर सुरक्षित होता. पण ठेकेदाराकडील मजुराचे काम बांधकामाच्या टप्प्याबरोबरच संपे. अशा प्रसंगासाठी देशात कायदा झालेला होता. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली दुरुस्ती होऊन कामगारकपातीची भरपाई ठरली. एक महिन्याची सूचना अथवा तितका पगार, आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन, असा तो नियम होता. अखंड वर्षभराची सेवा मात्र दाखवावी लागे; आणि ज्याचे नाव हजेरीपटावरच नीट नाही, त्याने ती कशाच्या आधारे दाखवावी?

याच सुमारास महाराष्ट्रात एक निराळा विचार आकार घेत होता. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातील विसापूरचे. काम मागणाऱ्यास काम देणे हे शासनाचे कर्तव्य असावे, या त्यांच्या कल्पनेचा आरंभीचा प्रयोग विसापुरातच झाला. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात रोजगार हमी योजना राज्यभर सुरू झाली. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला. म्हणजे मुंबई-पुण्याच्या पगारदाराच्या वेतनातून काही रुपये कापले जात, आणि त्यांतून मराठवाड्यातील मजुराच्या हाताला काम मिळे. पुढे १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. अर्ज दिल्यापासून पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास दररोज किमान एक रुपया बेकारी भत्ता द्यावा, असे त्यात लिहिले होते. रक्कम अल्प खरी. परंतु भत्ता न मिळाल्यास जाब विचारता येईल, ही गोष्ट आपल्याकडे नवी होती. प्रत्यक्षात मात्र हा भत्ता क्वचितच कोणाच्या हाती पडला. अर्जाची तारीख घातलेली पोच ज्याच्याजवळ नव्हती, त्याचे पंधरा दिवस कोणत्या दिवसापासून मोजावयाचे?

कागदावरील शब्दाचे मोल भिलाईनेही फार कठोरपणे जाणले आहे. येथील खाजगी कारखान्यांतील कामगारांच्या लढ्याचे नेते शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत हत्या झाली. काढून टाकलेल्यांना परत घ्यावे, या मागणीसाठी १ जुलै १९९२ रोजी कामगार पॉवर हाऊस स्थानकाजवळ रुळांवर बसले. गोळीबार झाला आणि अनेकांचे प्राण गेले. कायद्याच्या भाषेत ‘कपात’ आणि ‘गैरवर्तनाबद्दल बडतर्फी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या शब्दामागे भरपाई येते, दुसऱ्यामागे येत नाही. चूल मात्र दोन्ही घरांत सारखीच विझते.

विम्याच्या मार्गाने बेकारी भत्ता देण्याची पद्धत ब्रिटनमध्ये १९११ च्या कायद्याने आली. आपल्याकडे कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ चा. पण त्याखालील बेकारी भत्ता १ एप्रिल २००५ पासूनचा. कारखाना बंद पडला वा कपात झाली, तर विमाधारकास आरंभी सहा महिने निम्मे वेतन मिळावे, अशी ती राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना होती. १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली; तीत सरासरी वेतनाचा चौथा हिस्सा जास्तीत जास्त नव्वद दिवस मिळे. येथेही एक विचित्र अडचण होती. ज्या मालकाने काढून टाकले, त्याच्याच हातून अर्ज पुढे जावयाचा! २०२० च्या महामारीत ही अट दूर होऊन कामगाराने थेट शाखा कार्यालयात अर्ज करावा असे ठरले, भत्ताही निम्म्या वेतनाइतका झाला आणि नव्वदऐवजी तीस दिवसांच्या बेकारीनंतर तो मागता येऊ लागला. गैरवर्तनाबद्दल काढलेला, निवृत्त झालेला अथवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेला मनुष्य या योजनेच्या बाहेर राहिला. योजनेची मुदतही वेळोवेळी वाढवावी लागली आहे. म्हणून अर्जापूर्वी शाखा कार्यालयात चौकशी करणे इष्ट. १९४७ च्या कायद्याची जागा आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. कपातीच्या भरपाईचे तत्त्व तीत टिकून आहे.

वाचकहो, या साऱ्या कहाणीतून आम्हांस एकच गोष्ट सुचवावयाची आहे. विम्याची वर्गणी कामगाराच्या पगारातून आणि मालकाच्या खात्यातून जाते. भरपाई ही केलेल्या सेवेच्या वर्षांवर मोजली जाते. यांत दान कोठेच नाही. नोकरी सुटल्याचा लेखी आदेश, विमा क्रमांक, वेतनाच्या चिठ्ठ्या आणि अर्जाची तारखेसह पोच, एवढे कागद जपले तर पुढची वाट पुष्कळ सुकर होते. आणि ज्याला हे एकट्याने जमत नाही, त्याच्यासमवेत मंडळातील जाणत्याने एक सकाळ कार्यालयात घालवावी. परमुलखात माणसे मंडळ स्थापन करतात ती केवळ सणांपुरती नव्हेत. शेजारच्या घरी असा कागद आला आणि तो लपवावा असे त्या घराला वाटले नाही, तर आपली पन्नास वर्षे सार्थकी लागली असे आम्ही समजू.