बंबाखूचं विलायती भावंडं

आज एका चोराची गोष्ट. चोर म्हणजे फूल.

निपाणीकडे मामाच्या तंबाखूच्या रानात मी लहानपणी बंबाखू उपटलाय. तंबाखूच्या मुळाला चिकटून वर येणारा, एकही हिरवं पान नसलेला कोंब. दिसला की उपटायचा, बी पडायच्या आत. त्याच्याच एका भावंडाला इंग्लंडमध्ये कायद्याचं संरक्षण आहे, हे वाचल्यावर मला हसूच आलं.

हे थिसल ब्रूमरेप. शास्त्रीय नाव ओरोबँकी रेटिक्युलाटा, १८२५ मध्ये वॉलरॉथ या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलेलं. 'ओरोबँकी' मूळचा ग्रीक शब्द, म्हणजे कडधान्याचा गळा आवळणारी. शेतकऱ्याचं हे दुखणं किती जुनं आहे बघा!

ब्रिटनमध्ये हे फूल फक्त यॉर्कशरमध्ये सापडतं. तिथे चुनखडकाचा एक पट्टा आहे. त्यातल्या टॅडकॅस्टर गावाला रोमन लोक चुन्यावरूनच 'कॅल्कारिया' म्हणायचे, आणि यॉर्कचं प्रचंड कॅथेड्रल त्याच भागातल्या दगडाचं. या पट्ट्यात, नदीकाठच्या गवतात, थिसल नावाच्या काटेरी तणाच्या मुळांवर हा चोर जगतो. बी धुळीइतकं बारीक. यजमानाच्या मुळातून झिरपणाऱ्या रसायनाची चाहूल लागेपर्यंत ते मातीत वर्षानुवर्षं पडून राहू शकतं. असं एक रसायन, स्ट्रिगॉल, १९६६ मध्ये कापसाच्या मुळांतून वेगळं केलं गेलं.

आता खरी गंमत. १९५९ च्या तण कायद्यात शेतातलं थिसल 'उपद्रवी' ठरलं. ते पसरू देऊ नका, असा हुकूम सरकार जमीनमालकाला काढू शकतं. पुढे १९८१ च्या वन्यजीव कायद्यात त्याच थिसलवर जगणारं हे फूल संरक्षित यादीत आलं. थिसल साफ केलं तर हे फूल जगणार कशावर?

ओळखण्यातही हाच कायदा आडवा येतो. यजमान कोण हे खात्रीने कळायला मुळापर्यंत खणावं लागेल. पण उपटणं तर सोडाच, फूल खुडणंसुद्धा गुन्हा! शेजारी थिसल उभं आहे हा पुरावा पुरत नाही, कारण मातीखाली दहा झाडांची मुळं गुंतलेली असतात. क्लोव्हरवर वाढणारं साधं ब्रूमरेप नवख्याला असंच दिसतं. मग गुडघ्यावर बसायचं, भिंग काढायचं आणि जागच्या जागी बघायचं: फिकट पिवळसर, कडेला जांभळट झाक असलेल्या पाकळ्यांवर गडद रंगाच्या बारीक ग्रंथी आहेत का? पुंकेसराचे दांडे जवळजवळ गुळगुळीत आहेत का? असतील, तर बहुतेक तोच. मोबाइलच्या लांबून काढलेल्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही, म्हणून नुसत्या ॲपवर विसंबू नका.

मामाला हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "त्यांना म्हणावं, पाहिजे तेवढा घेऊन जा इथनं. खुडायला पण कुणी अडवणार नाही."