एक इंच खाली : मस्टँगच्या भोकांचा इतिहास

आजच्या एपिसोडमध्ये राजे नाहीत, लढाया नाहीत, तहही नाहीत. आज भोकांचा इतिहास आहे. हो, भोकांचाच. गाडीच्या पत्र्यात, कंपनीने पाडलेल्या भोकांच्या एक इंच खाली पाडलेली भोकं. एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला दोन.

‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’ पाहिला असेल तर कॅरॉल शेल्बी आणि केन माइल्स ही नावं ओळखीची असतील. सिनेमात ल मान्सची रेस आहे. पण त्याच माणसांनी, त्याच सुमारास, साध्या बाजारातल्या फोर्ड मस्टँगवरही काम केलं. त्यातलं एक काम अमेरिकेत लोक आजही घरच्या गॅरेजमध्ये सुट्टीच्या दिवशी करतात. त्याला म्हणतात ‘शेल्बी ड्रॉप’.

आधी कंट्रोल आर्म म्हणजे काय ते बघू. चाक गाडीच्या सांगाड्याला जोडून ठेवायचं, पण वरखालीही होऊ द्यायचं, हे काम करणारा लोखंडी हात म्हणजे कंट्रोल आर्म. एक टोक सांगाड्याला बुशने जोडलेलं, दुसरं टोक बॉल जॉइंटने चाकाकडे. पुढच्या चाकांना असा वर एक आणि खाली एक हात देण्याची पद्धत अमेरिकेत १९३४ पासून रुळली. रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये आलेल्या मॉरिस ओली या इंजिनिअरचा त्यात मोठा वाटा. त्याआधी दोन्ही चाकांमध्ये एकच आडवा अ‍ॅक्सल असायचा, एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरंही वाकडं व्हायचं. आपल्याकडच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीत पुढे दोन हातांचीच रचना होती.

आता एक गंमत करा. गाडी चालवत असाल तर नको, नंतर करा. उजवा हात बाजूला पसरा, पण खांद्यापेक्षा थोडा खाली झुकलेला ठेवा. आता तो हळूहळू वर उचला. खांद्याच्या रेषेत येईपर्यंत पंजा शरीरापासून लांब जातो. रेषा ओलांडली की पंजा पुन्हा जवळ यायला लागतो. बस, आजची सगळी भूमिती एवढीच आहे.

गाडी वळणावर जाते तेव्हा बॉडी बाहेरच्या बाजूला कलते आणि बाहेरचं चाक वर दाबलं जातं. अशा वेळी वरच्या हाताने चाकाचा माथा आत ओढला पाहिजे, तर टायर रस्त्यावर सपाट बसतो. पण हात मुळातच बाहेरच्या टोकाला खाली झुकलेला असेल तर तो उलट माथा बाहेर ढकलतो. मग टायर फक्त बाहेरच्या कडेवर उभा राहतो आणि गाडी वळायचं सोडून सरळ घसरत जाते.

मस्टँगचा प्रॉब्लेम नेमका हाच होता. १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड्स फेअरमध्ये ती लाँच झाली, किंमत २,३६८ डॉलर, आणि पहिल्या वर्षात चार लाखांहून जास्त विकली गेली. दिसायला झकास. पण आतून ती फोर्डची स्वस्त फॅमिली कार होती, फॅल्कन. वरच्या हाताची जागा आरामशीर, साध्या ड्रायव्हिंगचा हिशेब करून ठरलेली.

क्लाउस आर्निंग हा फोर्डमध्ये सस्पेन्शनचं काम बघणारा इंजिनिअर. मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला या सगळ्या गोष्टीत हा माणूस सर्वात आवडतो. सस्पेन्शनची भूमिती कॉम्प्युटरवर सोडवून बघणाऱ्या सुरुवातीच्या लोकांपैकी तो एक. कोब्रा ४२७ चं सस्पेन्शन फोर्डच्या कॉम्प्युटरांच्या मदतीने डिझाइन झालं, त्यामागेही तोच. मस्टँगसाठी त्याने काढलेलं उत्तर ऐकायला अगदीच किरकोळ वाटतं : वरच्या हाताचा आतला टेकू एक इंच खाली घ्या. नवा पार्ट नाही, नवं डिझाइन नाही. तोच हात, तेच बोल्ट, फक्त भोकं नवी.

शेल्बीने ते उचललं. रेसिंग क्लासमध्ये जागा मिळवायला अशा १०० गाड्या बनवणं भाग होतं. सॅन होजेच्या कारखान्यातून पांढऱ्या मस्टँग शेल्बीच्या कॅलिफोर्नियातल्या वर्कशॉपमध्ये यायच्या आणि तिथे हाताने भोकं पाडून वरचे आर्म खाली बसवले जायचे. गाडीचं नाव जीटी ३५०, किंमत ४,५४७ डॉलर. फेब्रुवारी १९६५ मध्ये टेक्सासमध्ये केन माइल्सने तिची पहिलीच रेस जिंकली. श्रेय एकट्या भोकांना द्यायचं नाही हं. इंजिन, शॉकअप, ब्रेक, सगळ्यावर काम झालं होतं. पण त्यात सगळ्यात स्वस्त बदल हाच होता.

आणि तोच काढून टाकला गेला! १९६६ च्या मॉडेलमध्ये काही गाड्यांनंतर शेल्बीने आर्म खाली घेणं बंद केलं. कारण? खर्च. पार्टचा नव्हे, मजुरीचा. प्रत्येक गाडीचं पुढचं सस्पेन्शन उघडायचं, मोजायचं, ड्रिल करायचं, पुन्हा बसवायचं. बहुतेक गिऱ्हाइकांना फरक कळणार नव्हता, हे त्यामागचं गणित असावं. मला ते पटत नाही, पण समजतं.

कारखान्याने जे सोडलं ते घरातल्या गॅरेजांनी धरून ठेवलं. तासाचा पगार मोजणाऱ्याला जे परवडत नाही, ते स्वतःचा रविवार घालवणाऱ्याला परवडतं. या कामासाठी पत्र्याचा एक साचा मिळतो. तो जुन्या भोकांवर बसवायचा, आणि तो एक इंच खाली आणि इंचाचा आठवा भाग मागे अशी नवी जागा दाखवतो. जुनी भोकं तशीच राहतात, म्हणजे रोलबॅकची सोय आहे. पण नवं भोक वाकडं गेलं तर पत्र्यासाठी कुठलं अंडू बटण नाही.

खरा धोका ड्रिलमध्ये नाहीच. जुन्या मस्टँगमध्ये स्प्रिंग खालच्या नाही, वरच्या आर्मवर बसते. म्हणजे गाडीच्या पुढच्या भागाचं वजन ज्या दाबलेल्या स्प्रिंगवर आहे, तीच आधी काढावी लागते. शॉकअप काढून वरून स्प्रिंग कॉम्प्रेसर आत सोडायचा, स्प्रिंग आवळायची आणि मगच आर्म सैल करायचा. कॉम्प्रेसर हलक्या दर्जाचा असेल किंवा नीट बसला नसेल, तर ती स्प्रिंग सुटून माणसाचा जीव घेऊ शकते. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून हे काम करणं म्हणजे तर सरळ वेडेपणा. खाली भक्कम स्टँड हवेतच.

दुसरी भानगड बॉल जॉइंटची. एक इंच चाललं, मग दीड-दोन इंच का नको, असं काहींना वाटलं. पण आर्म खाली गेला की बॉल जॉइंटचा कोन बदलतो. मर्यादेपलीकडे तो अडकतो, त्याच्या दांड्यावर ताण येतो आणि तो तुटला की चाक गाडीच्या ताब्यात राहत नाही. म्हणून जास्त ड्रॉपसाठी कोन भरून काढणारी पाचर आली, आणि पुढे वेगळ्या कोनात बॉल जॉइंट बसवलेले तयार कंट्रोल आर्म बाजारात आले. आज पाइपचे चकचकीत आफ्टरमार्केट आर्म विकले जातात, त्यातल्या बऱ्याच डिझाइनमागे हा अडकणारा बॉल जॉइंट आहे. असे आर्म घेताना रंग बघू नका. बॉल जॉइंट कुठला, वेल्डिंग कसं, आणि तो नेमका किती ड्रॉपसाठी बनवलाय, हे विचारा. खालचा आर्मही बदलत असाल तर त्याच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच फायनल घट्ट करायचे. हवेत लटकलेल्या अवस्थेत आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आणि शेवटी अलाइनमेंट. जागा बदलली की जुने आकडे चालत नाहीत.

कुणी विचारण्याआधीच सांगतो : आपल्या स्विफ्टवर हे करायला जाऊ नका. तिथे, आणि आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत, पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. गॅरेजवाले नुसतं ‘लोअर आर्म’ म्हणतात ते उगाच नाही, वरचा आर्म त्यात नसतोच.

जुन्या मस्टँगचं बॉनेट उघडलेलं कुठे दिसलं, तर इंजिनाच्या दोन्ही बाजूंना पत्र्याचे उंच बुरुज असतात, तिकडे बघा. वरच्या आर्मचे नट तिथे दिसतात. नटांच्या वर इंचभर अंतरावर दोन रिकामी भोकं दिसली, तर त्या गाडीवर कुणीतरी हे काम केलेलं आहे. १९६५ मध्ये शेल्बीच्या माणसांनी, नाहीतर नंतर कधीतरी कुणीतरी आपल्या घरी.