चाबुकस्वार अ‍ॅटी पर्स

शालिहोत्राच्या व नकुलाच्या नांवांवर चालणाऱ्या पोथ्या ज्यांनीं चाळल्या असतील, त्यांस घोड्यांचे वर्ण, आवर्त व शुभाशुभ लक्षणें यांचा विस्तार परिचित आहे. मात्र त्या घोड्यांस शिकविणाऱ्या माणसाचें चरित्र तेथें सहसा सांपडत नाहीं. शर्यतींच्या इतिहासांतहि हाच न्याय दिसतो. घोडा, धनी व स्वार लोकांच्या तोंडीं राहतात. शिक्षक मागें पडतो. अशा एका आयरिश शिक्षकाची हकीकत येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हेन्री सीमूर ऊर्फ अ‍ॅटी पर्स याचा जन्म सन १८६९ चा; घराणें आयर्लंडांतील गॉलवेचें. तारुण्यांत हा हौशी स्वार होता. सन १९०६ च्या ग्रँड नॅशनल या अडथळ्यांच्या शर्यतींत 'आंट मे' घोडीवर तो तिसरा आला. पुढें स्वारी सोडून त्यानें सर्व लक्ष शिकविण्याकडे लाविलें. इंग्लंडांत स्टॉकब्रिजजवळ चॅटिस हिल येथें त्याची पागा होती. शिंगरांची परीक्षा घेई ती इतकी गुप्त, कीं बाहेर वार्ता फुटत नसे.

सन १९१२ त डाँकास्टरच्या बाजारांत त्यानें एक शिंगरूं १३०० गिनींस घेतलें. करड्या अंगावर चुना शिंपडल्यासारखे पांढरे डाग. लोक त्यास खेळण्यांतला डुलता घोडा म्हणून हिणवीत. हाच 'टेट्रार्क'. ग्रीक भाषेंत या नांवाचा अर्थ राज्याच्या चतुर्थांशाचा अधिपति. पर्सनें तो आपला आप्त मेजर मॅकॅल्मंट यास दिला व शिक्षण आपल्याकडे ठेविलें. सन १९१३ त स्टीव्ह डोनोह्यू याच्या स्वारीखालीं टेट्रार्क सात शर्यती धांवला व सातहि जिंकला. सँडाउन येथें आरंभींच मागें पडूनहि मानेच्या अंतरानें त्यानें बाजी मारली. पुढें पाय दुखावल्यामुळें तो पुनः मैदानावर आला नाहीं.

एका अलौकिक घोड्यामुळें पर्सचें नांव झालें, असा आक्षेप संभवतो. आमच्या मतें तो टिकत नाहीं. टेट्रार्क मैदानांत येण्यापूर्वींच, सन १९१२ त, पर्सच्या 'स्वीपर'नें टू थाउजंड गिनीज शर्यत जिंकली होती. तीच शर्यत सन १९२० त टेट्रार्कचा पुत्र 'टेट्राटेमा' व सन १९२९ त नातू 'मिस्टर जिंक्स' यांनीं जिंकली; दोघेहि पर्सचेच शिष्य. सन १९३० त इंग्लंडच्या शिक्षकांत तो अग्रस्थानीं होता. एक घोडा दैवानें लाभेल. तीन पिढ्या दैवानें शिकत नाहींत.

या वंशाचा एक धागा आमच्या देशाशींहि जुळतो. टेट्रार्कची कन्या सन १९२२ त आगाखानांकरितां ९१०० गिनींस घेतली गेली. तिचें नांव 'मुमताज महाल'. ती पर्सच्या हाताखालीं नव्हती. पण तिचा नातू 'महमूद' यानें सन १९३६ ची डर्बी जिंकली.

पर्स सन १९६० त वारला. आयुष्यभर शाळेंत शिकविलेल्या आम्हांस त्याच्याविषयीं आपुलकी वाटली, तर नवल नाहीं. संग्राहकांस इतकीच विनंति, कीं जुन्या दप्तरांतील पागेच्या हिशेबांत घोड्यांच्या नांवांखालीं एखाद्या चाबुकस्वाराचें नांव आढळल्यास नक्कल करितांना तें गाळूं नये.